१९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा उलेमांमुळे (धर्मपंडितांमुळे) झाला, हे खरं आहे का?

वाशिष्ठीकाठ
सर्वांना सलाम आणि नमस्कार. मी इतिहासात एम.ए. करतोय, चिपळूणचा. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं मिरजोळी आमच्या शेजारचंच गाव. त्यामुळे घरात लहानपणापासून दोनच सूर ऐकले: दलवाई बरोबर आणि मौलाना चूक, नाहीतर मौलाना बरोबर आणि दलवाई चूक. मागच्या आठवड्यात सर म्हणाले की मुस्लिम स्त्रीला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो तो १९३९ च्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्याच्या मुळाशी एका देवबंदी (देवबंदच्या मदरशाच्या परंपरेतल्या) मौलानांचं पुस्तक आहे. मला पटेना. १९८५ च्या शाहबानो प्रकरणात (तलाक दिलेल्या बाईच्या पोटगीचा खटला) जे आडवे आले, त्यांच्याच परंपरेतून हे कसं निघालं? कुणी नीट सांगेल का? विचारण्यामागे घरचं एक कारणही आहे, ते मागाहून सांगतो.

सह्यकडा
कायदा केंद्रीय विधिमंडळाने केला, मौलानांनी नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायका तोंडी तलाक बंद करा म्हणत विधिमंडळावर गेल्या. त्यांच्या पाठीशी उलेमा उभे राहिले होते का? शाहबानोचा १९८५ चा निकाल फिरवण्यासाठी रस्त्यावर कोण उतरलं? हे विसरून जुन्या एखाद्या पुस्तकाचं कौतुक करणं मला जड जातं.

मिरजेची वकील
सह्यकडा, तुमचा राग मला कळतो. त्या सात जणींविषयी मला फार आदर आहे. पण वाशिष्ठीकाठच्या सरांनी सांगितलं ते खरं आहे. गेली सव्वीस वर्षं मी याच कायद्याखाली दावे लावते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हनफी फिकहमध्ये (भारतातले बहुतेक सुन्नी मानतात ते धर्मशास्त्र) बाईची कोंडी अशी होती: नवरा खर्च देत नाही, मारतो, सोडून गेला, तरी तिला काझीकडून निकाह मोडून घ्यायला जवळजवळ वाटच नव्हती. नवरा बेपत्ता झाला तर त्याच्या वयाची माणसं हयात असेपर्यंत थांबायचं. म्हणजे जन्म गेला. इंग्रजी अमलात, विशेषतः पंजाबात, बायकांनी एक पळवाट शोधली. धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असं कोर्टं मानायची. म्हणून नुसत्या सुटकेसाठी बायका धर्म सोडू लागल्या. नवऱ्यापासून सुटायला ईमानच सोडायचं, ही केवढी लाचारी असेल!

हे पाहून थाना भवनचे मौलाना अशरफ अली थानवी कामाला लागले. त्यांनी मदिनेच्या मालिकी (सुन्नींच्या दुसऱ्या एका मजहबाच्या) मुफ्तींकडून फतवे मागवले. मालिकी मतात बेपत्ता नवऱ्याची मुदत चार वर्षं आहे. आपल्या मजहबाने, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंथाने, माणूस संकटात सापडत असेल तर दुसऱ्या इमामाचं मत घेता येतं, हे तत्त्व हनफींच्याच ग्रंथांत होतं. थानवींनी ते धूळ झटकून बाहेर काढलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुस्तक आलं, ‘अल-हीलतुन नाजिझा’. पूर्ण नावाचा अर्थ साधारण ‘असहाय पत्नीसाठी हमखास तोड’ असा. नावातच ‘असहाय पत्नी’ आहे, हे मला दर वेळी थांबवतं. आणि त्यांनी दुसरं दारही बंद केलं: बाईने धर्म सोडला तरी निकाह तुटत नाही.

१९३६ मध्ये काझी मुहम्मद अहमद काझमींनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं, आणि १७ मार्च १९३९ ला कायदा झाला. त्याच्या उद्देशपत्रिकेतच लिहिलंय की हनफी कायद्यात तरतूद नसल्याने असंख्य मुस्लिम स्त्रियांना हाल सोसावे लागले, आणि इतर मजहबांचं मत लावायला उलेमांचे फतवे आहेत. कलम २ मध्ये चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च नाही, सात वर्षं तुरुंग, क्रूरता, सगळं आलं. कलम ४ मध्ये धर्म सोडल्याने निकाह आपोआप तुटत नाही, हे आलं.

पण उलेमांना हवं ते सगळं मिळालं नाही. निकाह मोडणारा न्यायाधीश मुसलमानच असावा अशी त्यांची अट होती. ती गळली, आणि ते नाराज झाले. आजही काही मौलवी कोर्टाचा हुकूम पुरेसा मानत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. मी माझ्या बायकांना हुकूम मिळाल्यावर दारुल-कझातही (काझीच्या धार्मिक न्यायमंडळात) नेते. उगीच फेरी वाटते, पण दुसरा निकाह ठरताना कुणी बोट ठेवायला नको.

मालेगावचे मास्तर
एक भर घालतो. ‘उलेमा’ म्हणजे एक माणूस नव्हे. थानवी मुस्लिम लीगकडे झुकलेले. त्याच देवबंदचे हुसेन अहमद मदनी काँग्रेसबरोबर. एका देशात राहणारे हिंदू-मुसलमान मिळून एक कौम (राष्ट्र), असं मदनींनी १९३८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं, पाकिस्तानला विरोध केला आणि लीगवाल्यांचा अपमान सोसला. १९४५ मध्ये शब्बीर अहमद उस्मानी वेगळे होऊन पाकिस्तानच्या बाजूने गेले. राजकारणात अशी तोंडं तीन दिशांना, पण बाईच्या सुटकेचा प्रश्न आला तेव्हा मालिकी मत घ्यायला ही मंडळी राजी झाली. माझ्या वर्गातल्या पोरांना मी हे आवर्जून सांगायचो.

सह्यकडा
हे मला माहीत नव्हतं. पण मग माझा प्रश्न अजून टोकदार होतो. १९३१ च्या सुमाराला दुसऱ्या इमामाचं मत घेता आलं, तर तीन तलाकच्या वेळी का नाही? २०१७ पर्यंत सुप्रीम कोर्टाची वाट का बघावी लागली?

मिरजेची वकील
अगदी हाच प्रश्न मी एका धार्मिक सभेत मोठ्या मौलानांना विचारला होता. तेव्हा राज्य परक्यांचं होतं आणि ईमान जाण्याची भीती होती, आता शरीयत जाण्याची भीती आहे, असं ते म्हणाले. उत्तर प्रामाणिक होतं, पण मला मान्य नाही. भीती समाजाची आणि किंमत बाईने मोजायची, हे थानवींनी तरी नाकारलं होतं. त्यांचंच पुस्तक त्यांच्या वारसांसमोर ठेवून भांडायचं, असं मी ठरवलंय.

वाशिष्ठीकाठ
आपा, फार शुक्रिया. आता घरचं कारण. माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, नवरा कुवेतला गेला, सहा वर्षं पत्ता नाही, पैसा नाही. तिला एका मौलवींनी सबर कर म्हणून सांगितलं. आम्ही कोकणी, हनफी नाही तर शाफई मजहबाचे. हा कायदा आम्हाला लागतो का?

मिरजेची वकील
लागतो. कायद्यात हनफी-शाफई असा भेद नाही. चार वर्षं बेपत्ता आणि दोन वर्षं खर्च नाही, दोन्ही कारणं लिहा. निकाहनामा, त्याचं शेवटचं पत्र किंवा मेसेज, बँकेचं पासबुक काढून ठेवा. नवऱ्याच्या वारसांची नावं-पत्ते दाव्यात द्यावे लागतात. चुलता आणि भाऊ असतील तर वारस नसले तरी त्यांना सामील करावं लागतं, तेव्हा त्या घराशी आत्ताच गोडीने बोलून घ्या. बेपत्ता या कारणावर मिळालेला हुकूम सहा महिन्यांनी अमलात येतो. तेवढ्यात नवरा आला आणि नांदवायची तयारी त्याने कोर्टाला पटवून दिली तर हुकूम रद्द होतो, हे खालाला आधी सांग. तिचं वय काय आणि मुलं किती, ते मला निरोपात कळव.