३० जून: आमोस आणि समुद्रातलं वादळ एकत्र कसं मांडायचं?

शिरोडा_किनारा
आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी त्या दिवसाच्या मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) बायबल-वाचनांवर दीडेकशे शब्दांचं चिंतन जातं. वाचणारे बहुतेक मच्छीमार घरांतले. आगमन काळात (नाताळपूर्वीच्या आठवड्यांत) यशया संदेष्टा आणि शुभवर्तमान छान जुळतात, सामान्य काळात (मोठ्या सणकाळांबाहेरच्या आठवड्यांत) मात्र ओढाताण होते. यंदा (२०२६) ३० जूनला जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याचं ३:१-८ व ४:११-१२ आहे आणि मत्तय ८:२३-२७. एकीकडे आमोस विचारतो, नगरावर अरिष्ट आलं तर ते परमेश्वराने आणलेलं नाही काय? दुसरीकडे शिष्यांचं तारू वादळात. दोन्ही जोडलं की "वादळ देवानेच धाडलं" हेच वाक्य तयार होतं. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं पाहिलेल्या किनाऱ्यावर असं कसं लिहायचं? शिवाय कधीकधी वाचनाचे आकडे आमच्या बायबलमधल्या वचनांशी जुळत नाहीत, ते का?

वसई_वाचनमाला
जोडूच नका. ही दोन वाचनं एकमेकांसाठी निवडलेलीच नाहीत.

रविवारी जुन्या करारातलं वाचन सहसा शुभवर्तमान बघून निवडलेलं असतं. सामान्य काळातल्या आठवड्याच्या दिवशी मात्र दोन वेगळे ओघ शेजारी शेजारी चालतात. शुभवर्तमान दरवर्षी तेच: पहिले ९ आठवडे मार्क, १० ते २१ मत्तय, २२ ते ३४ लूक. पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात, विषम वर्षी एक आणि सम वर्षी दुसरं. २०२६ सम, म्हणून १३व्या आठवड्यात आमोस, १४व्यात होशेय, मग यशया, मीखा, यिर्मया, थोडा नहूम, हबक्कूक आणि शेवटी यहेज्केल. पुढच्या वर्षी मत्तयाचा तोच उतारा असेल, पण शेजारी आमोस नसेल. त्या दोघांत दैवी संकेत शोधणं म्हणजे कॅलेंडरच्या योगायोगावर धर्मशिक्षण उभं करणं.

तेव्हा एक वाचन मुख्य धरा आणि दुसऱ्याचा एका ओळीत उल्लेख करा किंवा तेही नको. त्याऐवजी कालचं आणि उद्याचं वाचन बघा, खरा धागा तिथे असतो.

आता आमोस ३. वचन ६ एकटं उचललं की घात होतो. ३ ते ६ ही प्रश्नांची माळ आहे: ठरल्याशिवाय दोघे एकत्र चालतील का, शिकार नसता सिंह गर्जेल का, सापळा नसता पक्षी अडकेल का. ती जाऊन थांबते ८व्या वचनावर: सिंहाने गर्जना केली, परमेश्वर बोलला, मग संदेश दिल्यावाचून कोण राहील? म्हणजे मुद्दा आपत्तीच्या कारणांचा नाही. संदेष्टा गप्प का बसू शकत नाही, हा आहे. आणि रोख कुणावर, ते वचन २ मध्ये स्पष्ट आहे: ज्यांना मी निवडलं त्यांच्याकडूनच मी हिशेब घेईन. हे शेजारच्या वाडीवर किंवा परधर्मीयांवर डागायचं वाक्य नव्हे. चर्चमधल्या पहिल्या बाकावर बसणाऱ्यांसाठी ते आहे.

मत्तयात तर येशू वाऱ्याला धमकावतो. वारा ही पित्याने धाडलेली शिक्षा असती तर पुत्राने तिला दटावलं असतं का? वादळाविषयी लिहायचंच असेल तर हे एवढं पुरे आहे. कुणी तरी "मग पाप कुणाचं?" असं विचारेलच. त्याला लूक १३:१-५ दाखवा, शिलोहचा बुरूज पडून मेलेले अठरा जण. येशू तिथे तो हिशेब साफ नाकारतो.

रेवदंडा_खाडी
वरचं पटलं, पण एक धोका आहे. "एकच घ्या" म्हटलं की सगळे शुभवर्तमानच घेतात आणि संदेष्टे वर्षभर कोपऱ्यात. आठवड्यातले दोन दिवस आधीच संदेष्ट्यांसाठी राखून ठेवा. या आठवड्यात बुधवार १ जुलै (आमोस ५, सणांचा वीट आलेला देव) आणि गुरुवार २ जुलै (आमोस ७, बेथेलचा याजक अमस्या त्याला हाकलतो) घ्या. सोमवारी २९ जूनला पेत्र-पौलाचा सोहळा आहे आणि शुक्रवारी ३ जुलैला संत थॉमस, त्यामुळे त्या दोन दिवशी आमोस नाहीच. शुक्रवारी गळतं ते नेमकं खोट्या तराजूचं ८:४-६! मासळीबाजार असलेल्या गावात हे जाणं वाईट. ते पुन्हा रविवारी येईल २०२८ च्या सप्टेंबरात, लूक १६ सोबत, आणि तिथे जोडी मुद्दाम केलेली आहे.

वसई_वाचनमाला
मान्य. जोड खरी असते तिथे ती दाखवायलाच हवी. आगमनाच्या पहिल्या गुरुवारी यशया २६ मधला सनातन खडक आणि मत्तय ७ मधलं खडकावरचं घर. दुसऱ्या दिवशी यशया २९ मध्ये आंधळ्यांना दृष्टी आणि मत्तय ९ मध्ये दोन आंधळे. तिथे दोन्ही उतारे समोरासमोर ठेवले की निम्मं चिंतन झालं.

मिठागर
आकड्यांबद्दल. वाचनमाला (मिस्साच्या वाचनांची ठरलेली यादी) काही संदेष्ट्यांमध्ये हिब्रू क्रमांकन धरते, आपलं नेहमीचं ६६ पुस्तकांचं मराठी बायबल दुसरं. १० जुलैला होशेय १४:२-१० लिहिलेलं दिसेल. आपल्याकडे ते १४:१-९. नाताळच्या मध्यरात्रीचं यशया ९:१-६ म्हणजे आपलं ९:२-७. मीखा ५:१-४ म्हणजे ५:२-५. योएल ३:१-५ आपल्याकडे २:२८-३२, आणि मलाखी ३:१९-२० म्हणजे ४:१-२. बारूखाचं पुस्तक त्या ६६ मध्ये नाहीच, त्यासाठी कॅथलिक आवृत्ती लागेल. गटावर टाकताना आपल्या बायबलचे आकडे द्या, नाहीतर लोक भलतंच उघडून बसतात.

आणि मधली गाळलेली वचनं वाचल्याशिवाय लिहू नका. उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या काळाच्या) चौथ्या मंगळवारी यहेज्केल ४७:१-९, १२ असतं, सोबत योहान ५. मंदिरातून पाणी निघतं, मृत समुद्र गोडा होतो. गाळलेलं १०वं वचन काय आहे? किनाऱ्यावर कोळी उभे राहतील, जाळी पसरतील, तऱ्हेतऱ्हेचे मासे मिळतील. ११वं: दलदली मात्र गोड होणार नाहीत, त्या मिठासाठी राखल्या जातील. शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तिथल्या लोकांना हे ११वं वचन समजावून सांगावं लागणार नाही. पाणी गोड करतानाही देव मिठाची जागा शिल्लक ठेवतो, एवढं लिहिलं तरी दीडशे शब्द भरतात.

शिरोडा_किनारा
३० तारखेला मत्तय घेते, आमोस १ जुलैला. आणि यहेज्केल ४७ घेईन तेव्हा १०-११ वचनं गाळली आहेत हे चिंतनात सांगावं का?

मिठागर
सांगा, एका वाक्यात: "आजच्या वाचनात ही दोन वचनं नाहीत, घरी वाचा." मिस्सात वाचणाऱ्याला मात्र ती वाचायला सांगू नका, तिथे वाचनमालेत आहे तेवढंच.