मदत हवी आहे: फ्लाइटगिअर या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये नेमकं लँडिंगलाच चित्र अडकतं, कडाही पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. पुतण्या बारावी सायन्सला आहे आणि पायलटच व्हायचं हे त्याचं पक्कं आहे. यंदाचा कापूस विकून त्याला नागपूरहून जुना लॅपटॉप घेऊन दिला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, इंटेलचं ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचं २ जीबीचं एमएक्स१५०, विंडोज १०. त्यावर फ्लाइटगिअर २०२०.३ टाकलं. ते फुकट आहे आणि सेसना १७२ त्यात आयतंच मिळतं.

हवेत २५ एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) मिळतात. सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, ३२ नंबरच्या धावपट्टीवर उतरायला घेतलं की १८, आणि अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) ४एक्स ठेवलं तर ११. शेवटच्या दोनशे फुटांत पोरगा जॉयस्टिक ओढतो, चित्र उशिरा हलतं, तोवर त्यानं आणखी ओढलेली असते. विमान वर उसळतं आणि मग धपकन आदळतं. चूक त्याची की मशीनची तेच कळत नाही. हाताला चुकीची सवय लागली तर पुढे ती मोडणं कठीण, म्हणून जीव टांगणीला लागतो.

अँटी-अलायझिंग बंद करून पाहिलं, पण मग धावपट्टीच्या कडा करवतीसारख्या दिसतात. बाजूचे चार पीएपीआय दिवे, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणारे, लुकलुकतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले की उतार बरोबर, असं तो शिकतोय; दिवेच नीट दिसेनात तर बघायचं काय?

ढग कमी केले, झाडं बंद केली, शेडरची (प्रकाश-पृष्ठभागाच्या बारकाव्यांची) पातळी खाली आणली. थोडाच फरक पडला. आणखी एक, सुरुवातीची दहा मिनिटं बरी जातात, मग चित्राचा वेग बसतो. लाईन रात्रीच धड असते, तेव्हाच तो बसतो. कडाही नीट आणि चित्रही सुरळीत, असं या मशीनवर होईल का?

प्रतिसाद १
भाऊ, आधी हेल्प मेनूतलं अबाउट उघडा आणि रेंडररसमोर (चित्र काढणाऱ्या ग्राफिक्ससमोर) कोणाचं नाव येतं ते बघा. इंटेल असेल तर एनव्हिडियाचं कार्ड नुसतं बसून आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स सेटिंग्ज असं जा, ब्राउझ करून फ्लाइटगिअरच्या बिन फोल्डरमधली एफजीएफएस फाइल निवडा आणि हाय परफॉर्मन्स करा. सिम्युलेटर बंद करून पुन्हा सुरू करा. अँटी-अलायझिंग ४एक्सऐवजी २एक्स ठेवा, दिवे स्थिर दिसायला तेवढं पुरतं. आणि चार्जर लावूनच उडवायचं. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो.

प्रतिसाद २
दहा मिनिटांनी वेग बसतो म्हणजे लॅपटॉप तापतोय. एप्रिलात आपल्याकडे रात्रीही खोली भट्टीच असते. पंख्याची जाळी उघडून बघा. रेंडरिंग ऑप्शन्समध्ये एफपीएसला ३० ची मर्यादाही घाला. आकडा एकसारखा राहिला की हाताला अंदाज येतो. ४५ वरून २० वर आपटणारा आकडा लँडिंगला काही कामाचा नाही. टेरासिंक चालू असेल तर उडताना डोंगर-जमीन नेटवरून उतरत असते, त्यानंही हिसके बसतात. नागपूरच्या आसपास एकदा सावकाश फिरून या, एवढा भाग डिस्कवर येऊन बसेल.

मूळ लेखक
दोघांचेही मनापासून आभार. अबाउटमध्ये इंटेलच होतं! बदललं. काल तालुक्याला जाऊन लॅपटॉप उघडून घेतला, तर पंख्यावर बोटभर जाड रुईचा थर. कापूस भरलेल्या खोलीतच टेबल होतं, ते आमच्या ध्यानातच आलं नाही. टेबल ओसरीत हलवलं. रात्री २एक्स आणि ३० च्या मर्यादेवर धावपट्टीजवळ २७-२८ मिळत होते, अर्ध्या तासानंतरही तेवढेच. पुतण्यानं ओळीनं सहा वेळा विमान उतरवलं, चार वेळा चाकं हलकी टेकली. मी शेजारीच बसून होतो.

आता एवढंच सांगा: रॅमची ८ जीबीची एकच पट्टी आहे, तशीच दुसरी टाकली तर नागपूर शहरावरून जाताना अजून जो एखादा हिसका बसतो तो जाईल का? सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे काढून ठेवलेत, त्यातून उरले तर घेईन म्हणतो.