लॉरेलच्या पानाला निलगिरीचा वास का?

प्रश्न: मैत्रिणीने इटलीहून आणलेले लॉरेलचे वाळलेले पान चुरडले, तेव्हा आपल्या तमालपत्रासारखा वास न येता निलगिरीसारखा का आला?

उत्तर १: दोन्ही झाडे एकाच कुळातली असली, तरी भूमध्यसागरी लॉरेलच्या तेलात सिनिओल हा निलगिरीतलाच घटक प्रमुख असतो, तर तमालपत्रात लवंगेतले युजेनॉल किंवा दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड आढळते. पान उजेडात धरून पाहा. तमालपत्रावर देठाकडून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात, लॉरेलला मात्र मधली एकच असते.

उत्तर २: हे तेल पानाच्या आतल्या सुट्या तेलपेशींत साठलेले असते, त्यामुळे अख्खे पान हुंगून फारसे कळत नाही आणि चुरडताच पेशी फुटून वास दरवळतो.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! पान पाहिले, ठळक शीर एकच आहे. मसालेभातात मात्र मी तमालपत्रच घालीन.