लाउंड्स काउंटीचा शेरीफ: पोलीसप्रमुख मतांनी निवडावा का?

माळरान:

आपल्याकडे पोलीस अधीक्षक सरकार नेमतं. अमेरिकेच्या दक्षिणेत शेरीफ लोक निवडून देतात. अलाबामात दर चार वर्षांनी. (मुंबईचे नगरपाल इंग्रजीत शेरीफच, पण ते मानाचं पद. अलाबामातल्या शेरीफच्या हातात अटक, तुरुंग, समन्स, सगळंच.) पोलीस निवडून देणं हा खुळेपणा आहे, ही पद्धत मोडीत काढा, असं म्हणणारे मला बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हा धागा.

सेल्माहून अलाबामाची राजधानी मॉन्टगोमेरीला जाताना मध्ये लाउंड्स काउंटी लागते. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.) १९६५ च्या सुरुवातीला इथे दर पाच माणसांत चार कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. एकही! जमिनी गोऱ्यांच्या, कसणारे काळे वाटेकरी. त्याच वर्षी २० ऑगस्टला हेनव्हिल गावात टॉम कोलमनने दुकानाच्या दारात रुबी सेल्स या १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर बंदूक रोखली. तिला बाजूला ढकलून जोनाथन डॅनियल्स पुढे झाला आणि गोळी त्याला लागली. तो धर्मशास्त्र शिकणारा गोरा विद्यार्थी. कोलमन शेरीफचा खास डेप्युटी. ज्युरीत सगळे गोरे. निर्दोष सुटला.

कृष्णवर्णीयांच्या मताला संरक्षण देणारा केंद्राचा मतदान हक्क कायदा त्याच महिन्यात आला होता. लोकांनी नोंदणी केली आणि काउंटीपुरता स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी पक्षाला चिन्ह लागायचं. अलाबामातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, सोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. यांनी घेतला ब्लॅक पँथर. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने तो इथून उचलला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरचं नाव त्यावरून आलं. आपल्या नामदेव ढसाळ, ज. वि. पवारांच्या चळवळीच्या नावाचा धागा या कापसाच्या रानापर्यंत जातो, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ नकाशा बघत बसलो.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या कार्यकर्त्यांनी काढलेल्या चित्रपुस्तिका. शेरीफचं काम काय, कर आकारणाऱ्याचं काय, हे वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं त्यांत काढलेलं होतं. ज्याच्या नावानेच थरकाप व्हायचा, तो आपला नोकर आहे आणि त्याला आपण काढू शकतो, हे लोकांना पहिल्यांदा कळलं. १९६६ ला त्यांचे सगळे उमेदवार पडले. पण १९७० ला जॉन ह्यूलेट शेरीफ झाले, ज्यांनी हा पक्ष उभा केला तेच. २२ वर्षं त्या पदावर राहिले.

शेरीफ नेमण्याची पद्धत असती, तर त्या काळात नेमणूक केली असती वर्णभेदाचा कट्टर समर्थक गव्हर्नर जॉर्ज वॉलेसच्या मॉन्टगोमेरीने. ह्यूलेट झाले असते का?

नदीकाठ:

माहिती चांगली, निष्कर्षाशी असहमत. शेजारच्या डॅलस काउंटीचा जिम क्लार्कही निवडणुका जिंकूनच शेरीफ राहिला होता. कोटावर 'कधीच नाही' असा बिल्ला. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या पुलावर त्याचे घोडेस्वार लोकांवर चालून गेले. त्याला मतं देणाऱ्यांना हे सगळं पसंत होतं, म्हणून तर तो टिकला. लाउंड्समध्ये जे बदललं ते वॉशिंग्टनच्या कायद्याने, मतदारयादी बदलल्यामुळे. शेरीफची निवडणूक आधीही होतीच की. तिने तोवर कुणाचं भलं केलं?

माळरान:

क्लार्कला १९५५ साली पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं ते गव्हर्नरने. नेमणूक! आणि कृष्णवर्णीय मतदार यादीत आल्यावर पहिल्याच निवडणुकीत, १९६६ ला, विल्सन बेकरने त्याला हरवलं. मतपेट्यांवर आक्षेप घेतले गेले, प्रकरण कोर्टात गेलं, तरी गेला तो गेलाच. अलाबामातल्याच मेकन काउंटीत त्याच साली टपाल खात्यात नोकरी करणारे ल्युशियस अमर्सन निवडून आले, रीकन्स्ट्रक्शननंतर (यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ) दक्षिणेतले पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. कायद्याने दार उघडलं हे मान्य. पण दारापलीकडे काबीज करण्याजोगं पद होतं, म्हणून लोक आत शिरले.

शिक्कामोर्तब:

१९०१ च्या अलाबामा राज्यघटनेकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. कृष्णवर्णीयांचं मत काढून घेणारी हीच ती घटना. पण त्या गोऱ्या घटनाकारांनाही एक गोष्ट दिसत होती: झुंडीने तुरुंगातून कैदी ओढून नेला आणि मारला, तरी स्थानिक ज्युरी शेरीफला हात लावत नाही. म्हणून शेरीफवरचा महाभियोग त्यांनी काउंटीकडून काढून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे नेला. गावच्या मतावर त्यांचाच भरवसा नव्हता.

आणि याचा शेवट बघा. मनरो काउंटीत वॉल्टर मॅकमिलियन यांना खोट्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली, १९९३ ला सुटले. त्यांनी काउंटीवर दावा लावला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला: अलाबामाचा शेरीफ कायद्याची अंमलबजावणी करतो तेव्हा राज्याचा अधिकारी असतो, त्याच्या कृत्यांना काउंटी जबाबदार नाही. आधारांमध्ये हाच १९०१ चा इतिहास. म्हणजे निवडायचा काउंटीने, पगार काउंटीच्या तिजोरीतून, आणि माणूस उद्ध्वस्त झाला की काउंटी मोकळी. ही जबाबदारीची साखळी मला तरी समजत नाही.

नदीकाठ:

शिक्कामोर्तब, +१. हेच मला म्हणायचं होतं, नीट मांडता आलं नाही.

चूलबोळकी:

मी तुरुंगातल्या जेवणाबद्दल लिहिते, कारण एवढ्या मोठ्या वादात ते कुणी काढत नाही. अलाबामात १९३९ चा एक कायदा होता. कैद्यांच्या जेवणासाठी राज्य शेरीफला पैसे द्यायचं, दर कैद्यामागे दिवसाला १.७५ डॉलर, आणि उरलेले पैसे बऱ्याच काउंट्यांत शेरीफ स्वतः ठेवायचे. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत २ लाख १२ हजार डॉलर असे खिशात घातले. ५०० डॉलरला अर्धा ट्रक कॉर्नडॉग (मक्याच्या पिठात तळलेलं सॉसेज) घेतले आणि कैद्यांना कित्येक आठवडे तेच. २००९ मध्ये न्यायाधीशांनी त्यालाच एक रात्र कोठडीत टाकलं. इटोवा काउंटीच्या शेरीफनेही जेवणाचे पैसे असेच ठेवले, त्याचं समुद्रकिनाऱ्यावरचं घर २०१८ ला गाजलं. मग कुठे २०१९ ला कायदा बदलला.

हे सगळे निवडून आलेलेच. कैद्याच्या ताटावर कुणी मतं मागत नाही. त्याची आई मत देईल, पण ती एकटीच.

माळरान:

चूलबोळकी ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. मतदाराला तुरुंगातलं ताट दिसत नाही हे खरंच.

बांधावरचा:

इतिहास बाजूला ठेवून विचारतो. आमच्या गावात पोलीस पाटील मतांनी निवडायचा ठरवला तर तो भावकीचा होईल. गावात ज्यांची दोनच घरं, त्यांची तक्रार कोण लिहून घेणार? आज निदान तालुक्याला जाऊन साहेबापुढे उभं राहता येतं, साहेब बाहेरगावचा असतो. मी स्वतः असा उभा राहिलोय. लाउंड्समध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य होते म्हणून जमलं. जिथे ते दहात एक आहेत तिथे काय?

माळरान:

बांधावरचा, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. पण बहुसंख्य असूनही लाउंड्समध्ये सहज काही झालं नाही. मतदारयादीत नाव घातलं म्हणून जमीनमालकांनी वाटेकऱ्यांना घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवे ८० च्या कडेला तंबूंत राहिली, तीही डिसेंबरच्या थंडीत. उमेदवारी अर्जाची फी डेमोक्रॅटिक पक्षाने ५० वरून ५०० डॉलर केली. मतदानाच्या दिवशी मालकांनी मजूर ट्रकांत भरून आणले आणि गोऱ्यांना मतं द्यायला लावली. तरी चार वर्षांत निकाल फिरला.

निवडणूक ठेवावी, हे माझं मत कायम आहे. पण शिक्कामोर्तब आणि चूलबोळकी वाचून एवढी भर घालतो: तुरुंगाचा पैसा शेरीफच्या हातून काढावा, आणि ज्या काउंटीने निवडला तिनेच भरपाई द्यावी.

नदीकाठ:

पहिली अट लगेच मान्य. दुसरीवर मात्र विचार करा. ह्यूलेट निवडून आले म्हणून जमिनी काही वाटेकऱ्यांच्या झाल्या नाहीत. काउंटी गरीबच राहिली. आजही तिथे कित्येक घरांचं सांडपाणी मागच्या अंगणात साचतं, २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याला त्यावर राज्याच्या आरोग्य खात्याशी करार करावा लागला. शेरीफच्या चुकीची भरपाई अशा काउंटीने भरायची म्हणजे ती त्याच अंगणातून जाणार.

शिक्कामोर्तब:

मग राज्याने भरावी. १९९७ च्या निकालाप्रमाणे अधिकारी त्यांचा आहे ना? अडचण अशी की अमेरिकी घटनेच्या ११ व्या दुरुस्तीमुळे राज्यावर केंद्रीय न्यायालयात तसा दावाच लावता येत नाही. आधी ते दार उघडायला हवं.