भिंत सोसायटीची, पण चित्र कुणाचे?

प्रश्न:
आमच्या सोसायटीच्या रस्त्याकडील कुंपणभिंतीवर दोन वर्षांपूर्वी, सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून, एका तरुण चित्रकर्तीकडून मासळी विकणारी कोळीण रंगवून घेतली. पाटीतल्या पापलेटांवर तिने चंदेरी रंगाचे बारीक ठिपके दिले आहेत. शाळेत जाणारी मुले त्यांवरून बोट फिरवतात, त्यामुळे तेवढा रंग झिजला आहे. पूर्वी याच भिंतीशी लोक लघवीला उभे राहत. आता कार्यकारिणीला ही जागा जाहिरातीसाठी भाड्याने द्यायची आहे. चित्र पुसण्याचा अधिकार केवळ भिंतीच्या मालकाचा असतो का?

प्रतिसाद १:
कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कलाकृतीची मोडतोड करून कलाकाराच्या प्रतिष्ठेला बाधा आणण्यास हरकत घेऊ देते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून कोठारात टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मात्र दिल्लीच्याच प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह २०१७ मध्ये पाडल्यावर त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल न्यायालयात गेले, तेव्हा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये जागामालकाच्या बाजूने कौल दिला. दोन्ही खटल्यांत पक्षकार होते ते मालक आणि कलावंत. रोज त्या वास्तूंसमोरून जाणाऱ्याला त्यांत स्थान नव्हते आणि मला हीच मोठी उणीव वाटते.

प्रतिसाद २:
मुंबईत २००९ मध्ये महापालिकेने तुळशी पाइप रोडलगतची भिंत रंगवण्यासाठी नागरिकांना खुली केली, तेव्हा हौशी आणि शिकलेले, दोन्ही हात तिच्यावर चालले. म्हणजे मालकी न सोडताही भिंत लोकांच्या हाती देता येते. तुमच्या ठरावानेही तेच केले होते, म्हणून ती परत घेताना निदान लोकांना विचारायला हवे.

प्रतिसाद ३:
मी थोडा वेगळा विचार मांडतो. ओल आली की गिलाव्याचा खर्च सोसायटीच करते, रस्त्यावरचा माणूस करत नाही. आणि कोळीण रंगवतानाही समोरच्या चाळीला कुणी विचारले नव्हते. तरीही ज्या सभेने परवानगी दिली, तिच्यासमोर विषय न नेता कार्यकारिणीने परस्पर चुना फासणे मला मान्य नाही. चित्रकर्तीला आधी लेखी कळवा, तिला छायाचित्रे घेऊ द्या आणि जाहिरातीसाठी महापालिकेची परवानगी लागते, हेही सभेत सांगा.