मदत हवी आहे: राउटरवर व्हीपीएन टाकला, नेट रांगायला लागलं

निळीशाई
स्टुटगार्टला राहतो. पुण्याहून आई-बाबा आलेत. आईच्या मराठी मालिका टीव्हीवर दिसाव्यात म्हणून राउटरवरच व्हीपीएन (नेट भारतातून चालल्यासारखं दाखवणारी सेवा) टाकला, तर सगळ्या घराचं नेट रांगतंय. तेच सबस्क्रिप्शन लॅपटॉपवर अ‍ॅपमधून झकास चालतं. लवकर सांगा. "रीस्टार्ट करून बघा" नको, सात वेळा केलंय.

कोकमसार
राउटर कोणता? प्रोटोकॉल, म्हणजे व्हीपीएनची पद्धत, कुठली? स्पीड किती? काहीतरी सांगा की राव.

निळीशाई
काळा, दोन अँटेनांचा, 2016 चा असेल. लाइन 250 एमबीपीएसची. लॅपटॉपवरच्या अ‍ॅपने 190, राउटरवरून 11.

जुना_खिळा
फ्रिजजवळ ठेवलाय का? आमचा माळ्यावर हलवला आणि फरक पडला.

निळीशाई
वायर लावून मोजलंय हो.

कोकमसार
11 म्हणजे ओपनव्हीपीएन ही जुनी पद्धत असणार. एन्क्रिप्शनचं (माहिती कुलूपबंद करण्याचं) सगळं ओझं राउटरच्या इवल्याशा प्रोसेसरवर, त्यातही एकाच कोअरवर. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनची सोय मुळातच असते, म्हणून तिथे जाणवत नाही. वायरगार्ड ही नवी, हलकी पद्धत टाका. मार्च 2020 पासून लिनक्स कर्नलमध्येच (बरेच राउटर ज्यावर चालतात त्या प्रणालीच्या गाभ्यात) आहे.

घाटावरचा
आलं वायरगार्डचं तुणतुणं! ओपनव्हीपीएन टीसीपी 443 वरून, म्हणजे साध्या वेबसाइट्सच्याच वाटेने, हॉटेलच्या वाय-फायमधूनही निसटतो. तुमचं वायरगार्ड फक्त यूडीपी या दुसऱ्या वाटेने. तिथे अडवलं की बसा.

कोकमसार
ते घरी बसून मालिका बघतायत, हॉटेलात नाही.

सायली_प
भारतात 2022 पासून व्हीपीएनवर बंदी आहे ना?

घाटावरचा
बंदी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायला सांगितली, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. यादीत "भारत" दिसतो, पण यंत्र बऱ्याचदा सिंगापुरात असतं. काही साइट्स असे नेटवरचे (आयपी) पत्ते ओळखून अडवतात. त्यापेक्षा पुण्याच्या घरीच वायरगार्ड लावा, पत्ता खरा घरचा मिळेल.

कोकमसार
पुण्याचं कनेक्शन सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच आयपी पत्ता) असेल तर बाहेरून कसे पोचणार? आधी स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, विकत घ्यायचा?

घाटावरचा
घ्यायचा. आम्ही घेतलाय.

निळीशाई
अहो, माझा प्रश्न! इकडे बाबांच्या बँकेची साइटही उघडेना. टीव्ही तेवढा मस्त पळतो, पण मालिका लावली की "तुमच्या देशात उपलब्ध नाही".

कोकमसार
थांबा. घरभर 11 आणि टीव्ही मस्त पळतो? तो कुठल्या वाय-फायवर आहे?

निळीशाई
बघतो.

निळीशाई
नेट कंपनीने दिलेल्या डब्याच्या. माझा राउटर त्याच्या पुढे जोडलाय.

कोकमसार
म्हणजे टीव्ही सोडून सगळ्या घराला व्हीपीएन लावलात! उलटं करा. जुन्या राउटरवर फक्त टीव्ही, बाकी सगळं डब्यावर. एचडीला 11 पुरतो. बाबांची बँकही उघडेल.

निळीशाई
टीव्ही हलवला. मालिका लागली, पहिल्यांदा अर्धा मिनिट गोल फिरलं. बँकही उघडली. चार दिवस गेले माझे. आई म्हणते, पहिल्याच दिवशी लॅपटॉपची वायर टीव्हीला लावली असती तर?

सायली_प
काकू बरोबर बोलतायत. कुठली मालिका?

जुना_खिळा
माळ्यावर ठेवून बघितलात का?