टेप खराब नव्हती, आपण ती रोज पुसत होता

ऐरोलीकर:
"टेपवर बॅकअप घेणे म्हणजे ठाण्याच्या खाडीत पैसे टाकणे, सात रात्रींपैकी फक्त शनिवारचा बॅकअप परत आला," असे रबाळ्याच्या एका सदस्याने काल लिहिले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, म्हणून हे लिहावे लागत आहे. शेवटचाच बॅकअप उरतो, तेव्हा दोष बहुधा टेपचा नसतो. आपल्या स्क्रिप्टमध्ये (रोज बॅकअप चालवणाऱ्या आज्ञांच्या यादीत) टेप ड्राइव्हचे एसटी० हे नाव आहे. टारचे (फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणाऱ्या प्रोग्रामचे) काम संपून ते उपकरण बंद होताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते आणि दुसऱ्या रात्रीचा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसतो. एनएसटी० (त्याच ड्राइव्हचे टेप न गुंडाळणारे नाव) वापरले असते आणि लिहिण्यापूर्वी एमटीला (टेप पुढे-मागे नेणाऱ्या आज्ञेला) ईओडी सांगून टेप लिखाणाच्या शेवटी नेली असती, तर सातही रात्री ओळीने सापडल्या असत्या.

वाशीवासी:
निदान बरोबर असेल, सूर मात्र मास्तरकीचा आहे. एका अक्षराच्या फरकाने सहा दिवस पुसले जातात आणि टार त्याबद्दल ब्रही काढत नाही, ही चूक वापरणाऱ्याची की यंत्रणेची? महाप्याच्या आमच्या जुन्या कार्यालयात बॅकअप २५६ केबीच्या ब्लॉकने (एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याने) लिहिलेला होता आणि परत आणताना कोणी टारला 'बी ५१२' (५१२ बाइटचे ५१२ भाग, म्हणजे तेच २५६ केबी) दिलेच नाही. टार आपल्या १० केबीच्या हिशेबाने वाचायला गेला आणि मेमरी मिळत नसल्याचा संदेश पडद्यावर आला. साहेबांनी सर्व्हरसाठी रॅम मागवली! डिस्क जोडली की फाइली दिसतात, विषय संपतो.

ऐरोलीकर:
डिस्क जोडलेली असते म्हणूनच रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) तिच्यापर्यंत पोहोचते. कपाटातल्या टेपपर्यंत ते पोहोचत नाही. ब्लॉकचा आकार ठाऊक नसेल, तर डीडीला (डेटा जसाच्या तसा वाचणाऱ्या आज्ञेला) मोठा आकार देऊन एकच ब्लॉक वाचावा. जितके बाइट येतील, तितका ब्लॉक. रॅमपेक्षा हे स्वस्त पडते.

वागळे इस्टेट:
कपाटाचे नाव काढलेत म्हणून सांगतो. एलटीओ (बॅकअपच्या टेपांचा प्रचलित प्रकार) टेप १६ ते ३२ अंशांत ठेवावी आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, असे सांगितलेले असते. आमच्याकडे शनिवारी दुपारी वातानुकूलन बंद होते आणि जुलैत सोमवारी सकाळी कपाट उघडले की भिंतीला ओल सुटलेली दिसते. त्याच टेपा थेट थंडगार सर्व्हर खोलीत नेऊन ड्राइव्हमध्ये घालतात. टेपला खोलीच्या हवेत आधी एक दिवस ठेवावे, हे मी तीन वर्षे सांगतो आहे.

वाशीवासी:
म्हणजे टेपसाठी वेगळे हवामानही पाळायचे!

वागळे इस्टेट:
डिस्क ओल्या भिंतीला टेकवून ठेवून पाहा, मग बोलू.

ऐरोलीकर:
रबाळ्याच्या सहा रात्री ओलीमुळे गेलेल्या नाहीत. कृपया विषयावर यावे.

वाशीवासी:
आलो. एलटीओचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचतो, या भरवशावर आमच्या लोकांनी एलटीओ-८ घेतला. तो सातव्या पिढीपाशीच थांबतो. सहाव्या पिढीच्या टेपांसाठी जुना ड्राइव्ह शोधत फिरावे लागले. येथे कोणते अक्षर चुकले होते?

ऐरोलीकर:
हे मान्य आहे, आणि नाखुशीने मान्य आहे. नवा ड्राइव्ह घेताना जुना विकू नये, किंवा आधी सर्व टेपा नव्यावर उतरवून घ्याव्यात.

रबाळेकर:
मूळ तक्रार माझी आहे. स्क्रिप्ट माझी नव्हे, माझ्या आधीच्या गृहस्थांची, हे कृपया नोंदवावे. आज टेप ईओडीपर्यंत नेऊन स्थिती पाहिली. फाइल क्रमांक ७ यायला हवा होता, तो १ आला. ऐरोलीकरांचे अभिनंदन. उरलेल्या रात्रींचा भाग टेपवर पुढे कोठे तरी असेलच ना?

ऐरोलीकर:
शनिवारचा आकार लहान असेल, तर असेलही. परंतु शेवटाच्या खुणेपलीकडे ड्राइव्ह आपल्याला वाचू देत नाही.

वाशीवासी:
खाडीच म्हणायची मग.